खवल्यावरून निघालेल्या पेशी : एमएस्सी प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर

विषय ठरला. तळ्याच्या पाण्याचा पीएच, गांडूळखत, डासांच्या अळ्या ही नेहमीची यादी सरांनी बाजूला सारली आणि विचारलं, "पेशी चालताना कोणी पाहिली आहे का?" आम्ही दोघांनी अमीबाचं नाव घेतलं. सर म्हणाले, "अमीबा सगळेच बघतात. त्यातून कळलं काय?"

काय कळलं? अमीबा छद्मपाद काढतो आणि पुढे सरकतो. अकरावीत हे वाक्य होतं, बीएस्सीत होतं, एमएस्सीतही तेच आहे. छद्मपादाला आतून ढकलतं कोण, मागचा भाग जागा सोडतो कसा, हे कोणी विचारत नाही, कारण परीक्षेत आकृतीला गुण मिळतात.

सरांनी सुचवलेली पेशी माशाच्या कातडीतली केराटोसाइट. मासा खरचटला की कडेच्या या पेशी उघड्या जागेवर सरकत जातात आणि जखम झाकतात. नव्या पेशी तयार होईपर्यंत थांबायचं नाही, आहेत त्यांनीच पसरायचं. वेग मिनिटाला १० ते ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सस्तन प्राण्यांच्या फायब्रोब्लास्टला (जोड-ऊतीतल्या पेशीला) मिनिटाला एक मायक्रॉन म्हणजे पुष्कळ झालं. शिवाय अमीबासारखा आकार क्षणाक्षणाला बदलत नाही. केराटोसाइट एकच आकार धरून जवळपास सरळ रेषेत चालते, त्यामुळे मोजायला सोपी.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय म्हणजे मासा थंड रक्ताचा. ३७ अंशांचा इनक्युबेटर नको, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको. खोलीच्या तापमानाला काम होतं.

५ डिसेंबर

मासा कोणता, यावर फार चर्चा झाली नाही. उजनी धरणाच्या पाण्याजवळ राहून चिलापी (तिलापिया) सोडून दुसरं काय घेणार? ती सिक्लिड कुळातली, आणि या कुळातल्या माशांच्या केराटोसाइट प्रयोगशाळांमधून बऱ्याच वापरल्या गेल्या आहेत. चिलापी पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, म्हणून भिगवणच्या बाजारात ती वळवळतच तराजूत पडते.

प्रयोगासाठी जिवंत मासा पाळायचा तर प्राणी-नीती समितीची परवानगी घ्यावी लागते. खाण्यासाठी कापलेल्या माशाचे खवले घेतले तर आपल्यासाठी कोणी मासा मारत नाही. सरांनी तरी एक अर्ज विभागात देऊन ठेवायला लावला. बरं केलं.

जोडीदार भिगवणचाच. विक्रीवाल्या मावशींना तो म्हणाला, "मावशी, पाठीवरचे खवले विळीने खरवडू नका, मी चिमट्याने काढतो." मावशींनी आधी मला आणि मग चिमट्याला पाहिलं. "खवलंच नेणार? मग मासा कोण खाणार?" मासाही घ्यावा लागला. तो जोडीदाराच्या घरी गेला.

६ डिसेंबर

पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडेल.

खवला टोकाला धरून हलकेच उपटायचा. उघड्या टोकाकडे कातडीचा पातळ पापुद्रा चिकटून येतो. आपल्याला हवा आहे तो तोच. खवल्याचं हाड फक्त त्याला धरून ठेवण्यापुरतं. खवले लगेच प्रतिजैविक घातलेल्या द्रवात टाकायचे आणि बर्फाच्या डब्यातून आणायचे. प्रयोगशाळेत दोन-तीनदा धुवायचे, कारण माशाच्या बुळबुळीत थरात जिवाणूंचं गावच असतं. मग स्वच्छ कव्हरस्लिपवर (अगदी पातळ काचेवर) खवला सपाट ठेवून वरून दुसरी कव्हरस्लिप. खवला काचेवर नीट दाबला गेला पाहिजे. तरंगला की पेशी उतरत नाहीत. माध्यम, म्हणजे पेशी जिवंत ठेवणारं पोषक द्रव, एल-१५. ते साध्या हवेतही आपला पीएच टिकवतं, म्हणून सिलिंडर लागत नाही. त्यात वासराचं सीरम. ओलसर पेटीत रात्रभर.

टेबल हलतं. खाली जनरेटर आहे. लॅबच्या काकांनी स्कूटरची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीवर सूक्ष्मदर्शक. आता चित्र स्थिर आहे.

७ डिसेंबर

उतरल्या.

सकाळी फेज-कॉन्ट्रास्टखाली (न रंगवता पारदर्शक पेशी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) खवल्याच्या कडेपासून पेशींची एक सलग चादर काचेवर पसरलेली दिसली. चादरीच्या पुढच्या कडेवरून काही पेशी सुटून एकट्याच निघाल्या होत्या. प्रत्येकीचा आकार अर्धचंद्राचा, फुगीर कड पुढे, गाभा मागे. पुढचा भाग रुंद, पातळ आणि पूर्ण स्वच्छ, त्यात एक कणही नाही. केंद्रक आणि बाकी सगळा पसारा मागच्या गोळ्यात कोंबलेला. या पातळ भागाला लॅमेलिपोडियम म्हणतात. त्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाइतकी आणि रुंदी तीस-चाळीस मायक्रॉन. पायच म्हणायचा, पण असा की अख्खी पेशी त्या एकाच पायावर चालते.

जोडीदार बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हिला घाई आहे."

मागच्या गोळ्याकडे नीट पाहिलं तर तो नुसता ओढला जात नाही, लोळत जातो. त्यातले कण वरून पुढे येतात आणि खालून मागे जातात. १९९६ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं आहे. आधी वाचलं होतं, तरी डोळ्यांनी दिसल्यावर पटलं.

१० डिसेंबर

काल लावलेल्या स्लाइडवर जिवाणू. प्रतिजैविक असूनही. पेशी आक्रसून गोळा झालेल्या, त्यांच्यामधून जिवाणू सुळसुळत होते.

स्लाइड टाकण्याआधी थोडं पाहून घेतलं. हेही पेशीचंच चालणं आहे, फक्त यंत्र वेगळं. ई. कोलायसारखा जिवाणू सेकंदाला २० ते ३० मायक्रॉन जातो. आमची केराटोसाइट मिनिटाला तेवढी. जिवाणूची कशाभिका (शेपटीसारखा धागा) वल्ह्यासारखी मागेपुढे होत नाही, तळाशी बसलेल्या प्रथिनांच्या मोटारीवर ती गोल फिरते, आणि आत शिरणारे प्रोटॉन मोटार चालवतात. कशाभिका गोल फिरते हे १९७३-७४ मध्ये ठरलं. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी आधी तर्क मांडला. मग मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी कशाभिकाच काचेला चिकटवून टाकली, तेव्हा जिवाणूचं शरीर गरगर फिरू लागलं.

मोटार बंद पडली तर जिवाणू किती घसरत जाईल? एका अणूच्या व्यासाइतकंही नाही. एवढ्या लहान शरीराला पाणी इतकं घट्ट लागतं की वेग साठवून ठेवताच येत नाही. केराटोसाइटचंही तेच. पुढचं प्रत्येक पाऊल ताज्या जोरावर टाकायचं.

१३ डिसेंबर

आज मोजमाप. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. त्यावरून डोळ्याच्या भिंगातली पट्टी जुळवली. मोबाइल भिंगाला अडकवून दर दहा सेकंदांनी एक फोटो, आणि इमेजजे या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेशीच्या पुढच्या कडेवर खूण. दुपारच्या उबेत चांगल्या चालणाऱ्या पेशी मिनिटाला १५ मायक्रॉनच्या आसपास आल्या.

या आकड्याशी संध्याकाळभर खेळत बसले. लॅमेलिपोडियममध्ये ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं असतं. धागा सात नॅनोमीटर जाड. सुटे ॲक्टिनचे मणी एकेक करून त्याच्या टोकाला जोडले जातात, आणि एक मणी जोडला की धागा २.७ नॅनोमीटरने लांबतो. मिनिटाला १५ मायक्रॉन म्हणजे सेकंदाला २५० नॅनोमीटर. भागाकार केला तर प्रत्येक धाग्याच्या टोकाला सेकंदाला नव्वदहून जास्त मणी जोडले गेले पाहिजेत!

हे शक्य आहे का? ॲक्टिन धाग्याची दोन टोकं सारखी नसतात. जलद टोकाला दर सेकंदाला, दर मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) सुट्या ॲक्टिनमागे, ११.६ मणी जोडले जातात. टॉमस पोलार्ड यांनी १९८६ मध्ये मोजलेला हा आकडा सगळीकडे वापरतात. म्हणजे पेशीत सुमारे ८ मायक्रोमोलर सुटं ॲक्टिन हाताशी असेल तर हिशेब जुळतो. पेशीत ॲक्टिन याहून कितीतरी जास्त असतं, फक्त त्यातलं बरंचसं इतर प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं.

मला हे फार आवडलं. सूक्ष्मदर्शकातून नुसत्या डोळ्यांनी मोजलेला वेग भागत गेलं तर रेणूंच्या जोडणीच्या वेगाशी येऊन मिळतो. मधे कुठलंही महाग यंत्र नाही.

पण धागा लांबला म्हणून पेशीपटल पुढे का सरकावं? उलट पटल धाग्याला अडवेल. यावर १९९३ मध्ये चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ऑस्टर यांनी मांडलेलं उत्तर असं: पटल उष्णतेमुळे सतत थरथरतं. थरथरताना क्षणभर २.७ नॅनोमीटरची फट पडली की एक मणी आत शिरतो, आणि पटलाला पुन्हा मागे येता येत नाही. ढकलणारा कोणी नाही, फक्त परतीची वाट बंद करणारा आहे. वाचलं तेव्हा वाटलं, हे गणितज्ञांचे खेळ. वरचा हिशेब केल्यावर तसं वाटत नाही.

१७ डिसेंबर

सरांनी मुद्दाम एक जुना प्रयोग वाचायला दिला: ज्युली थेरिओ आणि टिम मिचिसन, १९९१, गोल्डफिशच्या केराटोसाइट. प्रश्न साधा होता. पेशी पुढे जाते तेव्हा आतलं ॲक्टिनचं जाळं तिच्यासोबत पुढे जातं का?

त्यांनी पेशीत असं ॲक्टिन सोडलं की त्यावरचा रंग झाकलेला, अतिनील प्रकाश पडला तरच तो चमकणार. चालत्या पेशीच्या लॅमेलिपोडियममध्ये प्रकाशाची एक बारीक पट्टी मारली. तेवढीच रेघ चमकली. पेशी पुढे गेली आणि रेघ काचेवर जिथल्या तिथे राहिली. पेशी रेघेवरून निघून गेली, रेघ तिच्या पुढच्या कडेपासून मागेमागे पडत गेली आणि फिकी होत विरली.

म्हणजे जाळं चालत नाही. पावसाळ्यात चिखलातून जाताना दोन फळ्या असल्या की आपण मागची उचलून पुढे टाकतो, फळी पायाखाली स्थिर राहते आणि माणूस पुढे जातो, तसं. पेशी पुढच्या कडेला जाळं विणते, त्यावरून सरकते, मागचं उकलते आणि तेच मणी पुन्हा पुढे वापरते.

मागचं कोणतं आणि पुढचं कोणतं, हे उकलणाऱ्यांना कसं कळतं? मण्याच्या वयावरून. जोडला जाताना प्रत्येक मण्यात एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) असतो. जोडल्यावर थोड्या वेळाने त्याचा एडीपी, म्हणजे ऊर्जा खर्चलेलं रूप, होतो. कोफिलिन नावाचं प्रथिन एडीपीवाल्या जुन्या धाग्याला पकडतं आणि तोडतं. नव्याला हात लावत नाही. आणि पुढच्या कडेला एआरपी-दोन-तीन नावाचा सात प्रथिनांचा गट आधीच असलेल्या धाग्याच्या अंगावर नवी फांदी बसवतो, साधारण ७० अंशांच्या कोनात. तात्याना स्वितकिना आणि गॅरी बोरिसी यांनी १९९९ मध्ये बेडकाच्या केराटोसाइटचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो छापले. त्यात फांद्या मोजता येतात.

ॲक्टिन मात्र सापडलं ते स्नायूत. १९४२, हंगेरीतलं सेगेद, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची प्रयोगशाळा, शोधणारे ब्रूनो श्ट्राउब. बाहेर महायुद्ध चालू. स्नायूतलं प्रथिन म्हणून ओळख झाल्यामुळे ते जवळपास प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत आहे हे मान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

२१ डिसेंबर

खवल्यावरच एक वेगळा तमाशा सापडला, त्यामुळे मूळ काम आज राहिलं.

पाठीकडच्या खवल्यांवर काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात, मेलॅनोफोर. या जागच्या हलत नाहीत, हलतात ते त्यांच्या आतले कण. मीठ-द्रवात पाहिलं तेव्हा रंग सगळीकडे पसरलेला, पेशी फांद्याफांद्यांची. पोटॅशियम वाढवलेलं द्रव सोडलं आणि काही मिनिटांत सगळे कण मध्याकडे धावले. फांद्या रिकाम्या, मध्ये काळा ठिपका. पुन्हा साधं द्रव दिल्यावर रंग हळूहळू पसरला. पोटॅशियममुळे खवल्यावर उरलेली मज्जातंतूंची टोकं नॉरॲड्रेनलिन सोडतात आणि त्याने कण गोळा होतात. ॲड्रेनलिनचा थेंब टाकला तरी हेच होतं.

आतले रस्ते ॲक्टिनचे नाहीत, निदान लांबचे तरी नाहीत. ते सूक्ष्मनलिकांचे (प्रथिनांच्या पोकळ नळ्यांचे), पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंत गेलेले. वाहक प्रथिनांपैकी डायनीन कणांना आत ओढतं, कायनेसिन बाहेर नेतं. कडेजवळ पसरवण्याच्या कामात मायोसिनचा, म्हणजे ॲक्टिनवर जोर लावणाऱ्या प्रथिनाचा, एक प्रकारही हात लावतो.

म्हणजे एकाच खवल्यावर दोन वेगळ्या पद्धती. एका पेशीत माल पक्क्या रस्त्याने नेला जातो. दुसरीला रस्ता नाहीच, ती स्वतःच जाते. केराटोसाइटमध्येही सूक्ष्मनलिका असतात, पण चालण्यासाठी त्यांची गरज नाही. उर्सुला ऑयटेनॉयर आणि मानफ्रेड श्लीवा यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. केंद्रक नसलेला, सूक्ष्मनलिका नसलेला लॅमेलिपोडियमचा तुटका तुकडाही एकटाच सरळ चालत राहतो.

तुकडा! हे आपल्याला दिसेल का, ते बघायचं आहे.

२७ डिसेंबर

बुळबुळीत थर खरवडून पाहताना ट्रायकोडिना दिसला. बशीसारखा गोल, आत दात्यांचं कडं, कडेला पक्ष्माभिका (हलणारे केसांसारखे धागे), जागच्या जागी भिरभिरणारा. माशांच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर राहणारा हा आदिजीव मत्स्यपालनवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा. पक्ष्माभिकांची रचना तीच, जी आपल्या श्वासनलिकेत असते: कडेला नऊ जोड-नलिका, मध्ये दोन सुट्या, आणि जोड्यांना एकमेकींवर सरकवणारं डायनीन. प्रकल्पाशी संबंध नाही. फोटो ठेवला.

३ जानेवारी

पहाटे प्रयोगशाळा १६ अंशांवर होती. उजनीच्या बाजूला या दिवसांत थंडी बोचते. जोडीदार म्हणाला, आज हीटर लावू नकोस, हाच आपला प्रयोग. खरंच. सकाळपासून दुपारपर्यंत तीच स्लाइड, तापमापी कव्हरस्लिपशेजारी.

सकाळी पेशी दुपारच्या निम्म्याहूनही कमी वेगाने चालत होत्या. दहाच्या पुढे वेग वाढत गेला. दिवा जास्त वेळ ठेवून स्लाइड तापली तेव्हा मात्र काही पेशींनी आकार सोडला. कड सुरकुतली, आणि एक-दोन जागच्या जागी गोळा झाल्या. उष्ण कटिबंधातल्या आणि अंटार्क्टिकाच्या थंड समुद्रातल्या माशांच्या केराटोसाइटवर असे प्रयोग झाले आहेत. तापमानाबरोबर वेग वाढतो, हा कल सगळीकडे दिसतो.

जोडीदाराला दुसराच प्रश्न पडला. थंडीत मासा जखमी झाला तर? मिनिटाला १५ मायक्रॉन म्हणजे तासाला जवळपास एक मिलिमीटर. निम्म्या वेगाने जखम दुप्पट वेळ उघडी, आणि पाण्यात बुरशी टपलेली. हिवाळ्यात माशांना बुरशीचा त्रास जास्त होतो, हे त्याच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. कारण एवढंच असेल असं मी म्हणणार नाही, थंडीत प्रतिकारशक्तीही मंदावते. पण अहवालात हा परिच्छेद त्याचाच असेल.

९ जानेवारी

सायटोकॅलॅसिन. बुरशीपासून मिळणारं द्रव्य, ॲक्टिन धाग्याच्या जलद टोकावर टोपणासारखं बसतं आणि नवे मणी जोडू देत नाही. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून अगदी थोडं वापरायचं, हातमोजे घालून. सरांनी बाटली स्वतःच्या हातात ठेवली आणि थेंब स्वतःच सोडला.

पुढची कड थांबली. लगेच. पेशी तशीच पसरलेली, पण चालणं बंद. मग लॅमेलिपोडियम कडेकडून आत ओढलं जाऊ लागलं. ताजं माध्यम देऊन धुतल्यावर काही पेशींनी पुन्हा कड काढली आणि निघाल्या. नुसता डीएमएसओ दिलेल्या पेशींना काही झालं नाही. ती तुलना शेजारच्या स्लाइडवर केली होती.

मला विशेष वाटलं ते आत ओढलं जाण्याचं. बांधकाम बंद पडलं तर पेशी नुसती थांबायला हवी होती. आक्रसली, म्हणजे आत सतत काहीतरी ओढत होतंच. ते मायोसिन. लॅमेलिपोडियमच्या मागे, गाभ्याच्या पुढ्यात, मायोसिन आणि ॲक्टिनच्या आडव्या पट्ट्या असतात. त्या जाळं आवळतात आणि मागचे चिकटलेले बिंदू सोडवायला मदत करतात. गंमत म्हणजे या पेशी काचेला सर्वांत जोराने पुढून ओढत नाहीत, दोन्ही बाजूंच्या टोकांशी आतल्या दिशेने ओढतात. पातळ लवचीक पृष्ठभागावर पेशी ठेवून, तो कुठे ताणला जातो ते पाहून हे मोजलं गेलं.

१६ जानेवारी

पुण्याला एका संस्थेत फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक वापरायला मिळाला. पेशी इथेच फॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून नेल्या होत्या. तिथे फॅलॉइडिनने रंगवल्या. फॅलॉइडिन हे ॲमानिटा फॅलॉइड्स या जीवघेण्या अळंबीतलं विष, ते ॲक्टिनच्या धाग्याला घट्ट धरतं, सुट्या मण्याला नाही. त्याला रंग जोडला की फक्त धागे चमकतात.

चित्र पाहिल्यावर आधीचं बरंच वाचन जागेवर बसलं. पुढची कड सगळ्यात तेजस्वी, तीही मध्यावर जास्त आणि टोकांकडे कमी. मागे जाताना तेज उतरत जातं, कारण तिथे धागे तुटून विरळ झालेले. मग गाभ्यापुढे आडव्या जाड दोऱ्या. एका स्थिर फोटोत सगळा प्रवास गोठलेला होता, कारण पेशीत पुढून मागे जाणं म्हणजे नव्याकडून जुन्याकडे जाणं.

वेळ संपला म्हणून मायोसिन रंगवायचं राहिलं.

२३ जानेवारी

तुकडा दिसला.

तापलेल्या स्लाइडवर एका पेशीची कड शेजारच्या पेशीत अडकली, गाभा एकीकडे गेला आणि लॅमेलिपोडियमचा एक लचका सुटला. त्यात केंद्रक नाही, कण नाहीत, काहीच नाही. आक्रसेल, मरेल, असं वाटलं. तो थोडा वेळ थांबला, मग अर्धचंद्राचा आकार घेतला आणि निघाला. जोडीदाराने लॅबच्या काकांना बोलावून आणलं. काकांनी डोळा लावला, म्हणाले, "डोकं नाही तरी चाललाय." त्यांनी केलेलं वर्णन अहवालात लिहिता येणार नाही, पण याहून अचूकही सांगता येणार नाही.

१९९९ मध्ये अलेक्झांडर व्हेर्खोव्स्की, स्वितकिना आणि बोरिसी यांनी असे तुकडे मुद्दाम तयार करून तपासले. काही तुकडे गोल चकतीसारखे पसरून स्थिर बसतात, कडेला सगळीकडून बांधकाम आणि सगळीकडून उकल. अशा चकतीला एका बाजूने द्रवाच्या झोताने हलकेच रेटलं की ती बाजू आत दबते, तिथे मायोसिन गोळा होतं, ती मागची बाजू ठरते आणि तुकडा विरुद्ध दिशेला चालू लागतो. झोत थांबवला तरी थांबत नाही. तेच घटक, तोच तुकडा. दोन अवस्था शक्य आहेत, आणि एका धक्क्याने तो एकीतून दुसरीत जातो.

४ फेब्रुवारी

विजेचा प्रयोग सोडला. जखमेतून बारीक विद्युतप्रवाह वाहतो, हे एमिल द्यु बुआ-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटावर मोजलं होतं. माशांच्या केराटोसाइट विद्युतक्षेत्रात ऋण टोकाकडे वळतात. २०१३ मध्ये तर असं दिसलं की पेशी ऋण टोकाकडे जाते आणि तिचाच तुटका तुकडा धन टोकाकडे! करून पाहायची फार इच्छा होती, पण त्यासाठी अगरचे पूल, गरम न होणारी उथळ खाच आणि स्थिर वीजपुरवठा लागतो. इथे दुपारी वीज जाते. त्यापेक्षा आहेत त्या फोटोंमधून आणखी काही निघतं का, ते पाहू.

१० फेब्रुवारी

निघालं. प्रत्येक पेशीची रुंदी भागिले लांबी काढली आणि वेगाशेजारी मांडली. रुंद, सपाट पसरलेल्या पेशी वेगवान, आणि आखूड, गोलसर पेशी संथ. सगळ्या नाही, पण कल स्पष्ट. सरांनी लगेच किनेरेत केरेन आणि सहकाऱ्यांचा २००८ चा निबंध हातात दिला. त्यात शेकडो पेशी मोजून हेच दाखवलं आहे. त्यांचं स्पष्टीकरण पटलापासून सुरू होतं. पेशीपटलाचं क्षेत्रफळ जवळपास ठरलेलं आणि ते फारसं ताणत नाही. पुढच्या धाग्यांनी पटल ढकललं की ताण साऱ्या पेशीत एकसारखा पसरतो. मध्यावर धागे दाट असल्याने एकेकाच्या वाट्याला कमी भार येतो आणि कड पुढे जाते. टोकांकडे धागे विरळ, तिथे भार जास्त, बांधकाम अडतं. तिथे पेशीची बाजू ठरते. त्याच ताणाने मागची कडही पुढे खेचली जाते.

म्हणजे पुढच्या आणि मागच्या भागात निरोप नेणारं कोणी लागत नाही. पटलाचा ताण तेवढं काम करतो. पुण्याच्या फोटोत मध्यावर जास्त तेज का होतं, तेही इथे जुळलं.

आमच्या आलेखात संथ पेशींपैकी बऱ्याचशा थंड सकाळच्या होत्या. आकारामुळे संथ की थंडीमुळे? दुपारच्या पेशी वेगळ्या काढून पुन्हा मांडलं. कल टिकला, जरा फिका झाला. दोन्ही आलेख अहवालात जातील.

१९ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुढची बाजू कोणती हे पेशीला कोण सांगतं?" जोडीदाराने केंद्रक म्हटलं नाही, सूक्ष्मनलिकाही नाही. त्याने २३ जानेवारीची चित्रफीत लावली. मॅडमनी ती परत लावायला सांगितली, मग म्हणाल्या, "हा तुकडा किती वेळ चालला?" चित्रफीत संपेपर्यंत चालत होता, त्यानंतर मोबाइलची बॅटरी गेली, असं त्याने सांगितलं.

त्यांचा आक्षेप तापमानावर होता. कव्हरस्लिपशेजारची तापमापी द्रवाचं तापमान दाखवत नाही, दिव्याखाली द्रव अधिक तापतो. बरोबर आहे. बारीक तारेचा थर्मोकपल स्लाइडच्या कडेतून आत सोडायला हवा. काकांकडे एक पडून आहे. मार्चमध्ये ऊन वाढण्याआधी सकाळच्या दोन-तीन स्लाइड त्याच्यासह पुन्हा मोजायच्या, आणि मावशींना सांगून ठेवायचं.